घोड्याच्या पोटातलं पाणी

“पाना घे, जा, तो बोल्ट काढ आणि घरी ये. पाच मिनिटांचं काम!” फर्गलनं बायकोसमोर चहाचा मग टेबलावर आपटला.

“माझं काम आहे का ते? पाटी वाच,” असंप्टा म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

“पाटीला आग लाव! घोडा तुझा आहे. आतून सडतोय.”

“सडू दे.”

घोडा तिचाच होता. मेयो परगण्यातल्या त्या गावात भंगारातून जनावरं घडवणारं दुसरं कुणी नव्हतंच. बाप शेतांची फाटकं जोडायचा, त्याच्याजवळ ती वेल्डिंग शिकली. शाळेसमोरचा फावड्यांचा बगळा तिचा, बंदराच्या धक्क्यावरचा साखळ्यांचा समुद्री सील तिचा. हा घोडा मात्र तिनं बापाच्याच अवजारांचा केला होता. कुळवाच्या दात्यांची आयाळ, नांगराच्या फाळांची मान आणि पोटाला गोठ्यातली दुधाची जुनी टाकी. दोन वर्षं खपली. पाणी निघून जायला टाकीच्या तळाला भोक ठेवलं आणि रंगानं ते बुजू नये म्हणून त्यात बोल्ट पिळला. जनावर जागेवर उभं राहिलं की बोल्ट काढायचा, ही तिची रीत.

पण ऑक्टोबरात ती गुडघ्याच्या ऑपरेशनला इस्पितळात असताना गाव समितीचा अध्यक्ष कोलमन रुएन ट्रॅक्टर घेऊन आला आणि तिच्या शेडमधला घोडा चौकात नेऊन उभा केला. पोटाखाली पांढऱ्या चुनखडीची पाटी बसवली, ‘शिल्पकार ओर्ला रुएन’. ओर्ला त्याची लेक, डब्लिनला चित्रकला शिकणारी. तिनं फक्त समारंभाच्या पत्रिकेवर घोड्याचं चित्र काढलं होतं.

असंप्टा जाब विचारायला गेली तर कोलमन हसला. “अगं, तू जोडकाम केलंस. कला वेगळी, बाई.”

सगळा हिवाळा पाऊस आयाळीतून आत झिरपत होता. जाता-येता ती काठीनं घोड्याचं पोट ठोकून बघायची. मार्चपर्यंत आवाज भरीव झाला, टाकी पाण्यानं भरली होती. ती कुणाला बोलली नाही. काल फर्गलनं ठोकून पाहिलं, तेव्हा गुपित फुटलं.

“गावात राहायचंय आपल्याला,” तो म्हणाला. “कोलमनशी वैर नको. उद्या गुपचूप काढून टाक.”

“शेडचं दार कुणी उघडून दिलं होतं रे त्याला?” शेगडीजवळून सासूबाईंनी विचारलं.

“मला काय ठाऊक असली पाटी लावेल म्हणून!”

“ठाऊक नव्हतं तर आता गप बस.” म्हातारी सुनेकडे वळली. “बोल्ट नेमका पाटीच्या वर येतो, नाही का गं?”

“बरोबर वर.”

“गंजाचं पाणी चुनखडीत मुरलं की घासून निघत नाही,” म्हातारी समाधानानं म्हणाली. “माझा चुनखडीचा उंबरा अजून तांबडाच आहे.”

असंप्टानं सुरी धुतली, पुसली, खणात ठेवली.

“शुक्रवारी अकराला नीटनेटक्या गावांच्या स्पर्धेचे परीक्षक येतायत. कोलमन लेकीला घेऊन पाटीजवळ उभा राहील. सव्वाअकराला मी बोल्ट काढणार आहे. त्या दिवशी जेवण उशिरा मिळेल.”