रबरी छपरातून पाणी कुठून येतं

एका शनिवारी सकाळी आमचे घरमालक हातात एक जाडजूड नळी घेऊन वर आले. "तुम्ही इंग्रजी वाचता ना?" त्यांनी दारातूनच विचारलं. नळीवर बारीक अक्षरांत सूचना होत्या आणि त्या सगळ्या इंग्रजीत होत्या.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. जर्मनीत बाड हॉम्बुर्गजवळच्या एका गावात आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. नवरा कामासाठी ड्युसेलडॉर्फला असायचा, आणि त्या आठवड्यात तर शनिवार-रविवारीही येणार नव्हता. सासूबाई पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. घरमालक सत्तरी ओलांडलेले. आयुष्यभर त्यांनी दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. नुकतंच त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी शिडी चढायला सक्त मनाई केली होती.

नळीत फटी बुजवायचं सीलंट होतं, अंगणातल्या कॅरॅव्हानसाठी, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घरासाठी. मायदेशी परत जाणाऱ्या एका अमेरिकन कुटुंबाकडून त्यांनी ती कॅरॅव्हान घेतली होती. इथल्या बहुतेक कॅरॅव्हानचं छप्पर पत्र्याचं असतं, हिचं मात्र रबराचं होतं. आत पलंगाच्या वर छताला चहाच्या रंगाचा एक डाग पडला होता आणि दर पावसानंतर तो थोडा पसरत होता.

मी सूचना वाचून दाखवल्या. छप्पर साध्या साबणानं धुवा, पेट्रोलसारखं काही लावू नका, रबर फुगतं. जुनं सुटलेलं सीलंट काढा, पण सुरीनं नाही. मग सगळं कोरडं करून सांध्यांवर हे नवं भरा. वाचता वाचता मलाच ते छप्पर बघावंसं वाटायला लागलं. रबराचं छप्पर वरून दिसतं तरी कसं?

"मी चढू का?" मी विचारलं.

घरमालकांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं. "आल्झो, बरं तर," ते म्हणाले, "तुमचं वजन तर काही फार नाही."

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय म्हणतायत गं?" मी सांगितलं. "अगं, तू छपरावर चढणार? आणि पडलीस म्हणजे?" पण मी जुनी पँट शोधायला लागले तेव्हा त्याही चपला घालून खाली यायला निघाल्या. आल्यापासून त्या बहुतेक वेळ खिडकीतच बसून असायच्या. घरमालक दिसले की दोघं एकमेकांना मान हलवून नमस्कार करायचे. त्यापुढे भाषा नव्हती.

वर गेल्यावर मी दोन फळ्या टाकून त्यांवर गुडघे टेकले. रबर पांढरं होतं, आणि हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागत होती. घरमालक खाली खुर्चीत बसून पक्षी बघायच्या दुर्बिणीतून माझ्यावर लक्ष ठेवून होते. मी त्यांना तळवा दाखवला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "उन्हानं दर वर्षी थोडं थोडं झिजतं. चालायचंच."

डागाच्या बरोबर वर हवेसाठी एक झडप होती. तिच्याभोवती सिलिकॉनची एक पट्टी होती. मी बोटानं ओढली, तर दुधावरची साय निघावी तशी सबंध पट्टी हातात आली.

"ती मीच लावली होती," घरमालक जरा ओशाळून म्हणाले. "बाऊमार्क्टमधून, घरदुरुस्तीच्या दुकानातून आणून, गेल्या वर्षी." त्यांनी ती खाली टाकायला सांगितली, चष्मा लावला आणि उलटसुलट करून बराच वेळ न्याहाळली. सिलिकॉनच्या खालच्या बाजूला रबराची बारीक रेघ न् रेघ उमटली होती. "ठसा किती सुंदर घेतलाय बघा," ते म्हणाले, "पण धरलं काहीच नाही!" त्या पट्टीवर ते खूशच झालेले दिसले.

धुऊन झाल्यावर पाण्याची परीक्षा घ्यायची होती. मी पाइपानं एकेका जागी पाणी सोडायचं आणि आत कुणीतरी बघायचं. घरमालकांना वाकता येत नव्हतं. मी वरून हाक मारली, "आई, तुम्ही आत बसता का? पाणी दिसलं की ओरडा."

सासूबाई टॉर्च घेऊन आत गेल्या. मी आधी झडपेभोवती पाणी सोडलं. काही नाही. आतून फक्त खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. "अगं, इथे टेबलाचा पलंग होतो!" थोड्या वेळानं, "आणि पलंगाखाली केवढी जागा आहे!"

"आई, छताकडे बघा!"

"बघतेय गं!"

पुढची कड झाली, दोन्ही बाजूंच्या कडा झाल्या. पाणी कुठेच येईना. शेवटी, डागापासून सगळ्यात लांब, मागच्या टोकाला एक प्लॅस्टिकचा नळा छपरातून वर आला होता, तिथे पाणी सोडलं. बराच वेळ गेला. आणि मग आतून सासूबाई ओरडल्या, "आलं! आलं!"

घरमालक खुर्चीत ताठ झाले. "आल?" ते म्हणाले. "माझ्या कॅरॅव्हानमध्ये?"

जर्मनमध्ये आल म्हणजे वाम मासा. मला हसू आवरेना, फळीला धरून बसावं लागलं. अर्थ सांगितल्यावर घरमालक एवढे हसले की खुब्याला हात लावून, "नको, नको, दुखतंय," म्हणायला लागले. सासूबाई दारात येऊन विचारत होत्या, "काय झालं? चुकीचं ओरडले का मी?"

पण नळा मागे आणि डाग पुढे, हे कसं? मी खाली उतरले आणि कॅरॅव्हानपासून जरा दूर जाऊन उभी राहिले, तेव्हा कळलं. अंगणाला उतार होता, गाडी पुढच्या बाजूला झुकून उभी होती. पाणी नळ्यापाशी रबराखाली शिरत होतं आणि आतल्या फळीवरून सरकत सरकत पलंगापर्यंत पोचत होतं.

रविवारी दुपारपर्यंत सगळं वाळलं. घरमालकांनी त्यांची कवळ्यांच्या कामातली एक लाकडी पट्टी दिली. तिनं मी नळ्याभोवतीचं तडकलेलं सीलंट खरवडलं. वर करडा थर होता, त्याखाली पांढरा, त्याखाली पिवळा पडलेला. माझ्याआधी किती जण इथे गुडघे टेकून बसले असतील, असं मनात आलं. मग नवी नळी दाबली. ते दाट सीलंट इडलीच्या पिठासारखं आपलं आपण पसरलं आणि नळ्याभोवती गुळगुळीत गोल होऊन थांबलं.

पाऊस बुधवारी आला. ऑफिसमधून परतले तर घरात सासूबाई नाहीत. कॅरॅव्हानचा दिवा लागलेला होता. आत दोघं समोरासमोर बसले होते, मध्ये चहाचा थर्मास आणि पोह्यांच्या बश्या. दोघंही माना वर करून छताकडे बघत होते. डाग तसाच होता, पण त्यावर ओल नव्हती.

"ट्रोकन," सासूबाई मला म्हणाल्या. कोरडं. हा त्यांचा पहिला जर्मन शब्द.

जुलैत आम्ही सगळे ती कॅरॅव्हान घेऊन मोझेल नदीकाठी गेलो. गाडी नवऱ्यानं चालवली, रस्ता घरमालकांनी दाखवला. पलंग सासूबाईंना दिला. सकाळी शेजारच्या कॅरॅव्हानमधल्या डच बाई त्यांच्या छपराकडे बोट दाखवून मला काहीतरी सांगत होत्या. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतेय?"

"त्यांच्याकडेही गळतं म्हणे. कुठून ते कळत नाही."

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि चपला पायात सरकवल्या. "चल," त्या म्हणाल्या, "बघू या."