डोळ्यांखालची सूज

नेरहून यवतमाळला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती रोज माझ्या शेजारी बसायची. लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाला होती. डोळ्यांखाली फुगलेल्या पिशव्या, त्या ती बोटाने दाबत राहायची.

"जागरण कमी करा, काकडीच्या चकत्या ठेवा," मी सांगितलं.

"झोप तं लय लागते मले, ताई," ती म्हणाली. तरी वर्षभर तिने चकत्या ठेवल्या.

मग पाय सुजून चपलेत मावेनात. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्या. आता ती त्याच गाडीने डायलिसिसला येते.

परवा मी तिची माफी मागितली.

"तुमचा कायचा दोष, ताई? तुम्ही साधं सांगतलं, मले बरं वाटलं. म्हणून तं दवाखान्यात गेली नाही."

ती माझी समजूत काढत होती.