चित्रकाराच्या घरी जाऊन आलेले काका

समोरच्या ब्लॉकमधले काका ग्रीसला जाऊन आले त्याला वर्ष झालं, पण पनवेलात अजून कुणाची सुटका नाही. तिथल्या एका बेटावर त्यांनी कुणा महान चित्रकाराचं जन्मघर पाहिलं. दुधाच्या रांगेतही तेच. "बूट बाहेर काढले, उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला. कलावंताची वास्तू हो!" चित्रं कशी होती विचारलं, तर म्हणतात, "बस सुटत होती."

परवा त्यांच्या हॉलमध्ये बसून मी हेच पुन्हा ऐकत होतो. तेवढ्यात नाक्यावरचा पेंटर त्यांच्या नावाची पाटी रंगवून घेऊन आला. "काका, पाटी झाली हाय," म्हणत त्याने पाऊल आत टाकलं.

काका ओरडले, "बाहेरच थांब! फरशीला रंग लागेल."

चपला त्यानेही बाहेरच काढल्या होत्या.