बुओना व्हिस्टातली वसुबारस

पशुपालनाची पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं, जन्म शेणामुतात जाणार. पण नशीब थोर! सिंगापुरात बुओना व्हिस्टाला, विसाव्या मजल्यावर एसीत बसून मी ऑस्ट्रेलियातली गुरं सांभाळतो. त्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे, माझ्यासमोर स्क्रीन. सहा वर्षांत एकाही गाईला हात लावलेला नाही. याला म्हणे करिअर म्हणतात.

वसुबारसेला आमच्या कॉन्डोतल्या मराठी बायकांना पूजेसाठी गाय-वासरू हवं होतं. बायको म्हणाली, "अहो, तुमच्याकडे हजारो आहेत की!" मग मी ऑफिसचा लॅपटॉप पाटावर ठेवला आणि ऑस्ट्रेलियातल्या पाण्याच्या हौदावरचा कॅमेरा लावला. गाय आली, मागे वासरू, त्याच्या कानात नंबराचा बिल्ला. लगेच स्क्रीनवर हळदकुंकू, पुढ्यात बाजरीची भाकरी, गवारीची भाजी. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सो क्यूट लाह!"

"दूध किती देते हो?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"भरपूर," मी म्हणालो. तिथली गुरं मांसासाठी पाळतात, हे सणासुदीला कोण सांगणार?

सहा महिन्यांनी कत्तलखान्याची यादी मंजुरीला आली. त्यात पूजेतल्या त्या वासराचाही नंबर होता. मी एंटर दाबलं. कीबोर्डच्या फटीत साचलेलं कुंकू बोटाला लागलं.