अर्धा ओठ

दात बधिर करायचं इंजेक्शन आम्ही आधी व्हिडिओवर शिकलो, मग प्लास्टिकच्या डोक्यावर. ते डोकं तोंड उघडून मुकाट पडून राहतं. त्याला टोचताना मी कधी थांबले नाही. आज मॅडम म्हणाल्या, "आता एकमेकींना द्या. जमलं तरच उद्या पेशंट."

आधी माझ्या जोडीतल्या रुचानं मला दिलं. "दुखलं तर हात वर कर हं." दुखलं. मी हात वर केला नाही. मला कुणाला थांबवायची सवय नाही.

थोड्या वेळानं अर्धा ओठ माझा राहिला नाही. आरशात त्याला लागलेलं माझंच बोट दिसत होतं, ओठाला मात्र पत्ता नव्हता. वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. त्या डोक्यासारखीच दिसत होते मी.

"ए पुतळे, तुझी पाळी," म्हणत रुचा खुर्चीत बसली. मी सुई आत घातली, औषध हळूहळू ढकलू लागले. तिचा हात मांडीवर शांत होता. प्लास्टिकच्या डोक्यानं मला एवढंच शिकवलं होतं, की गप्प तोंडाला दुखत नाही. मग माझं लक्ष तिच्या चपलांकडे गेलं. पायाची बोटं घट्ट आवळलेली होती.

मॅडम बघत होत्या. तरी माझा अंगठा थांबला.

"दुखतंय?" अर्ध्या ओठातून शब्द वाकडाच आला.

रुचानं हात वर केला.