उजव्या खांद्याची रजा

आमचे हे म्हणजे अगदी नाकासमोर चालणारे. परक्या देशात येऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून रस्त्याच्या कडेकडेने चालतात. कुणी हटकेल अशी भीती. लाँड्रीच्या कारखान्यात कामाला आहेत. दोन मोठ्या हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुवायला येतात. ओल्या चादरी ट्रॉलीतून उपसायच्या, हात वर करून झटकायच्या आणि वाफेच्या रोलरमध्ये सरळ घालायच्या, हे यांचं काम. चादरीच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला यांचा जोडीदार, लंबू. तो तिसऱ्याच देशाचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण चादरीला सुरकुती पडेल तर शपथ. घरी मात्र स्वतःच्या पांघरुणाची घडी आजवर धड घातलेली नाही.

मी बुटकी. स्वयंपाकघरातली फळी यांनी ठोकली ती स्वतःच्या उंचीला. चहासाखरेचा डबा काढायचा तर मला स्टूल लागायचं. फळी खाली घ्या म्हणून किती वेळा सांगितलं, पण "भिंतीला भोकं पडतील," हे उत्तर ठरलेलं.

मग एक दिवस डबे ओट्यावर आले. पाठोपाठ आरसा खाली आला, शर्ट अडकवायचा खिळा खाली आला. मी विचारलं तर म्हणाले, "तुला त्रास होतो ना." मी हरखूनच गेले. ताईला फोन करून सांगितलं, "बघ, उशिरा का होईना, माणूस सुधारतो." ताई म्हणाली, "तब्येत बरी आहे ना गं त्यांची?" मला राग आला. दुसऱ्याचं चांगलं झालेलं हिला कधी बघवतच नाही, असं वाटलं.

ताईचंच खरं निघालं. एका सकाळी हे आरशासमोर डाव्या हाताने भांग पाडत होते, तेही मान खाली घालून. मी म्हटलं, "उजवा हात वर करा." हे हसले. मी पुन्हा म्हटलं. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला, चेहरा पार उतरला.

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यात ओल्या चादरींची थैली एकट्याने ओढताना खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. त्याला काही महिने होऊन गेले होते. कुणाकडे ब्र काढला नव्हता. लंबूला न सांगताच कळलं. तो दिवसभर वाकून चादर खाली धरायचा, म्हणजे यांना हात वर न्यायला नको.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"कामाला निकामी झालो हे कळलं तर इथे राहायचा परवाना जाईल. मग लेकीला घेऊन कुठे जायचं? इथल्या शाळेत वाढली ती, तिला मराठी लिहितावाचता तरी येतं का?"

भीती उगाच नव्हती. यापूर्वी हे एकटे ज्या देशात होते, तिथे यांच्या खोलीतल्या एकाची पाठ गेली, तर आठवड्याच्या आत मालकाने त्याला विमानात बसवून दिलं होतं. त्याची बॅग यांनीच भरली होती.

"पण इथे दर महिन्याला पगारातून विमा कापतात ना? कर वेगळा, विमा वेगळा."

"ते पैसे आपल्याला इथे राहू देतात त्याचे. विमा त्यांच्या माणसांसाठी असतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उद्या कारखान्यात येते म्हटल्यावर हे गयावया करायला लागले. "तू आलीस तर आपलं इथलं संपलं," म्हणाले. तरी मी गेले. माझा स्वभावच तसा, त्याला इलाज नाही.

सुपरवायझर बाईंना मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. त्यांनी रोलर बंद केला. यांच्यासमोर येऊन म्हणाल्या, "हात वर करा." आणि या गृहस्थांनी दुखत नाही असं दाखवायला जीव एकवटून हात उचलला. हनुवटीपर्यंत नेला. कपाळावर घाम. कधीपासून, असं बाईंनी विचारलं. तेव्हा लंबू पुढे झाला. त्याने चादर घेतली, गुडघ्यात वाकला आणि आपण रोज ती कशी धरतो ते करून दाखवलं.

बाई चिडल्या. "कामावर लागलं तर त्याच दिवशी सांगायचं असतं. उपचार विम्यातून होतात, रजा पगारी मिळते, आणि रजेवरच्या माणसाला काढता येत नाही. कायदा आहे इथे."

हे हळूच म्हणाले, "पण आम्ही बाहेरचे."

"पगारातून कापताना विचारलं होतं का, तुम्ही कुठले?"

सांगायला उशीर झाल्यामुळे विमा कचेरीत खेटे घालावे लागले, लंबूला साक्ष द्यावी लागली, पण ऑपरेशन झालं आणि रजाही मिळाली. रजेच्या पहिल्या सकाळी हे नेहमीच्या वेळेला उठून, एका हाताने बूट घालून, पलंगावर बसून राहिले होते. मी बूट काढून घेतले.

मग व्यायाम सुरू झाला. भिंतीला बोटं लावायची आणि एकेक करत वर चढवायची. स्वयंपाकघरातली भिंत यांनी निवडली, म्हणजे मला सकाळ-संध्याकाळ यांचं कण्हणं ऐकणं आलं. लेक शेजारी उभी राहून "अजून थोडं, बाबा," करायची. आणि एका दुपारी बोटं फळीला टेकली.

झालं, आता सगळं पुन्हा वर जाणार, असं म्हणून मी स्टूल पुसून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे दोन्ही हात वर करून फळीचे स्क्रू काढतायत.

मी म्हटलं, "आता पोचतो की तुमचा हात."

"तुझा नाही ना पोचत," म्हणाले, आणि फळी माझ्या खांद्याजवळ धरून विचारलं, "इथे बरी आहे का?"

मी मान हलवली. वर भिंतीला जुन्या स्क्रूंची भोकं तशीच आहेत. ती बुजवायचं हे अधूनमधून काढतात, पण मी बुजवू देत नाही.