बुजवलेली अकरा भोकं

डांबरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चौतीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर डांबर ओतत आणि भेगा बुजवत हिंडलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. धंदा बंद करून दोन वर्षं झाली, तरी कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर आधी छताच्या कोपऱ्यात जायची आणि मग यजमानांकडे. एकदा एका ओळखीच्यांकडे माणूस गेलं म्हणून भेटायला गेले होते. सगळे खाली मान घालून बसलेले आणि हे वर बघून म्हणाले, "ओल आहे. दोन वर्षांत प्लास्टर पडणार." बायकोने तिथेच कोपराने ढोसलं, पण निदान बरोबर होतं हे त्यांनी तिला परतताना तीनदा ऐकवलं.

धंद्यात मात्र माणूस पक्का होता, त्याबद्दल कुणी नावं ठेवणार नाही. काम सुरू करण्याआधी ते गच्चीवरून पाणी जायच्या तोंडाशी उकिडवे बसायचे आणि घरमालकाला झापायचे. "ही कुंडी कुणी ठेवली इथे? पाण्याला अडवायचं नसतं, वाट द्यायची असते. अडवलंत की ते तुमच्या झोपायच्या खोलीत येणार!" हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की स्वतःला ऐकवायचं तेवढं राहून गेलं.

आता गाडीविषयी. गाडी डांबररावांची नव्हती, बायकोची होती. बाई एका इस्पितळात टेलिफोनवर बसायच्या. तिथून निवृत्त झाल्यावर सत्तावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या आणि पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. डांबररावही बरोबरच शिकत होते. ते दोनदा नापास झाले आणि मग त्यांना एकाएकी साक्षात्कार झाला, की घरात गाडी चालवणारं एकच माणूस पुरे, दुसऱ्याने देखरेख करावी.

बाईंना गाडी हवी होती ती थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी. अक्का शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहायची आणि तिची स्मृती जात चालली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरू लागली, मग स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे ते. डॉक्टर म्हणाले होते, "ओळखीची माणसं सारखी दिसत राहू देत. खंड पडू देऊ नका." म्हणून दर गुरुवारी बाई गाडी घेऊन जायच्या, अक्काला पुढच्या सीटवर बसवायच्या आणि लहानपणीच्या गल्लीतून तळ्यापर्यंत एक चक्कर मारून आणायच्या. घरात मुक्यासारखी बसणारी अक्का गाडीत बसली की बोलू लागायची. ही आपली शाळा, हा तो कुत्रा पाळणारा न्हावी, इथे तू पडलीस आणि मी मार खाल्ला. आणि दर चार वाक्यांनी, "चिमणे, हळू चालव गं." साठीला आलेल्या बाईला जगात चिमणी म्हणणारं ते एकच माणूस उरलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे डांबररावांना काही काम नव्हतं. तेवढ्यात शेजाऱ्यांची गाडी रस्त्यावरच्या पाण्यात बंद पडली. ढकलत आणली. शेजारी म्हणाले, "इलेक्ट्रॉनिक्समध्ये पाणी गेलं हो. हल्लीच्या गाड्या म्हणजे चाकांवरचे कॉम्प्युटर." झालं! डांबररावांचे कान टवकारले. पाणी आत शिरतं? आणि आपण या घरात जिवंत असताना?

दुसऱ्याच दिवशी ते चटई टाकून गाडीखाली आडवे झाले. तासाभराने बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर असा काही विजय होता, की बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

"अगं, या गाडीला भोकं आहेत!"

"कसली भोकं?"

"खालून! प्रत्येक दाराच्या बुडाला दोन-दोन, म्हणजे आठ. पुढच्या काचेखाली वायपर असतात ना, तिथल्या पन्हळीत दोन. आणि एसीची एक नळी तर उघड्यावरच सोडलीय. अकरा! कारखान्यातले लोक बुजवायला विसरले."

"सगळ्या गाड्यांची विसरले?"

"तेच तर म्हणतोय मी!" डांबरराव म्हणाले, आणि कंपनीला दोन पानी पत्र लिहायला बसले. कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही. बहुधा शरमेने.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी आभाळ भरून आलं होतं. "आज गाडी काढायची नाही," डांबरराव म्हणाले. "उघड्या भोकांनिशी? वेड लागलंय का?" बाईंनी अक्काला फोन केला, पुढच्या गुरुवारी येते म्हणाल्या. पुढच्या गुरुवारपर्यंत अकराच्या अकरा भोकं बुजवून झाली होती. आत सिलिकॉन, वर डांबरी चादरीचा गोल तुकडा, कडेने पुन्हा सिलिकॉन. काम इतकं सुबक, की कुणाही गच्चीला हेवा वाटावा. पण शेवटचं भोक बुधवारी बुजवलेलं, आणि माल सुकायला बहात्तर तास लागतात. धंद्याचा नियम तो, बायकोसाठी मोडतात थोडाच?

"अहो, तिला माझी वाट बघायची सवय आहे," बाई म्हणाल्या. "ती गुरुवार विसरली तर?"

"चार दिवसांनी काय फरक पडतोय? गाडी जन्माची सुरक्षित होतेय." त्यांना हे मनापासून वाटत होतं, हीच पंचाईत होती. वाईट हेतू असता तर बाईंना भांडता तरी आलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षा. गच्चीचं काम झालं की पाणी जायचं तोंड बांधायचं, गच्ची पाण्याने भरायची, पातळीवर खडूची रेघ मारायची आणि एक दिवस थांबायचं. रेघ जागच्या जागी म्हणजे काम पास. ही परीक्षा घेतल्याशिवाय डांबररावांनी आयुष्यात एक गच्ची सोडली नव्हती, मग गाडी कशी सोडतील? बुधवारी संध्याकाळी त्यांनी पुढच्या काचेखालची पन्हळ बादलीने काठोकाठ भरली, खडूने रेघ मारली आणि समाधानाने जेवायला गेले.

गुरुवारी सकाळी बघतात तर पाणी रेघेच्या चार बोटं खाली. पन्हळीखाली एक थेंब नाही, जमीन कोरडी ठणठणीत. मग पाणी गेलं कुठे? चौतीस वर्षांचा अनुभवी माणूस डोकं खाजवत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "उन्हाने उडालं." ऊन अजून यायचं होतं. पण ही तक्रार करायला तिथे कोण होतं? त्यांनी पन्हळ पुन्हा भरली, नवी रेघ मारली आणि जाहीर केलं, की परीक्षा एक दिवस वाढवली आहे. तिसरा गुरुवार असा रेघेखाली गेला.

चौथ्या गुरुवारी बाईंनी कुणाचं ऐकलं नाही. पर्स घेतली, गाडीत बसल्या, किल्ली फिरवली. आधी वायपर सुरू झाले, लखलखीत उन्हात. मग चारही काचा आपसूक खाली गेल्या. मग हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. गल्लीतली माणसं खिडक्यांत आली. डांबरराव "बंद कर, बंद कर" म्हणत गाडीभोवती धावत होते आणि बाई आतून दोन्ही हात वर करून दाखवत होत्या, की मी कशाला हातच लावलेला नाही. मिनिटभराने सगळं एकदम गप्प झालं. नंतर गाडीने हूं की चूं केलं नाही.

वायरिंगवाला आला. कमी बोलणारा माणूस. त्याने आधी बॅटरीची तार काढली, "आता कुणी किल्लीला हात लावायचा नाही" म्हणाला आणि पुढच्या सीटपाशी गालिचा उचलला. खाली पाणी. चांगलं घोटाभर. सीटखालचा कंट्रोलचा डबा त्यात बसलेला, पिना हिरव्या पडलेल्या.

"कुठल्या पुरात घातली होती, काका?"

"पुरात? हिला आम्ही साधी धुतसुद्धा नाही!" डांबरराव म्हणाले. "सगळी भोकं बंद केलीत मी."

वायरिंगवाला गाडीखाली वाकला. बराच वेळ तसाच राहिला. बहुधा हसू आवरत असावा.

"काका, काचेवरचं पाणी त्या पन्हळीत येतं आणि या भोकांतून खाली जातं. तुम्ही ती बुजवलीत. मग पाणी चढलं आणि एसीच्या पंख्याच्या वाटेने आत आलं. आत आलेलं बाहेर जाईना." मग त्याने सहज विचारलं, "तुमचा गच्च्यांचा धंदा ना? गच्चीला पाणी जायला वाट ठेवत नव्हता का?"

चौतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य एक परका माणूस डांबररावांना त्यांच्याच दारात ऐकवत होता. बाईंनीही ते ऐकलं. त्या पर्स घेऊन सरळ घरात गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डबा बदलायला दहा दिवस लागले. मधल्या गुरुवारी बाई दोन बस बदलून गेल्या, आखडलेला गुडघा घेऊन. पोचेपर्यंत अक्का झोपलेली होती आणि परतीची बस गाठायची होती. त्या आठवड्यात डांबररावांनी पुन्हा चटई टाकली. ज्या हातांनी भोकं बुजवली त्याच हातांनी एकेक खरवडून, तार घालून मोकळं केलं. चांगलं काम केल्याचा पहिल्यांदाच त्यांना पश्चात्ताप होत होता, कारण सिलिकॉन काही केल्या निघत नव्हतं.

सहाव्या गुरुवारी मुसळधार पाऊस होता. बाईंनी आभाळाकडे पाहिलंही नाही. "मी येऊ?" डांबररावांनी विचारलं. "मला अक्काची माफी मागायचीय."

"मागे बसा," बाई म्हणाल्या. "पुढची सीट तिची आहे."

अक्का दाराशी खुर्चीत बसली होती. डांबररावांना बघताच तिचा चेहरा उजळला. "अगोबाई, डांबरराव! या, या. आमची ती गच्ची अजून गळते हो!" मग तिने बाईंकडे पाहिलं, पदर सावरला आणि पाहुण्यांशी बोलतात तसं अदबीने म्हणाली, "तुम्ही उभ्या का? बसा ना."

जन्मभर चिमणी म्हटलेल्या बहिणीला ती "तुम्ही" म्हणाली. डांबररावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माफी मागायची राहूनच गेली. बाईंनी मात्र अक्काचा हात धरला, छत्री धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी नेहमीच्या रस्त्याला लावली. काचेवरून पाणी धो धो वाहत होतं, पन्हळीत उतरत होतं आणि मोकळ्या भोकांतून निमूट रस्त्यावर जात होतं.

शाळा गेली, न्हाव्याचं दुकान गेलं. अक्का गप्पच. तळ्याशी आल्यावर ती म्हणाली, "छान चालवता हो तुम्ही. आमची चिमणी पण चालवते. दर गुरुवारी यायची. हल्ली येत नाही."

मागच्या सीटवर डांबररावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"तिची गाडी बिघडली होती," बाई म्हणाल्या. आवाज अगदी सरळ, टेलिफोनवर बोलायच्या तसा.

"असं होय!" अक्काला केवढं हायसं वाटलं. "तरीच. मग येईल हो ती. ती काही मला विसरायची नाही."